बाग आणि पायवाट सर्वांना वापरता यावी म्हणून काय मोजायचं, काय बदलायचं

बागेत आत रुंद रस्ते असतात, रॅम्प असतो, व्हीलचेअर जाईल असं स्वच्छतागृहही असतं. पण दुचाकी आत शिरू नयेत म्हणून फाटकात रोवलेल्या लोखंडी खांबांमधलं अंतर जेमतेम ५५ सेंटिमीटर असतं. बहुतेक व्हीलचेअर ६० ते ७० सेंटिमीटर रुंद असतात, शिवाय चाक फिरवणाऱ्या हातांच्या कोपरांना दोन्ही बाजूंनी जागा लागते. म्हणजे आत केलेल्या सगळ्या खर्चाचा त्या माणसाला काडीचाही उपयोग नाही. बागा, तलावाकाठचे रस्ते, जंगलातल्या निसर्गवाटा, सगळीकडे असंच घडताना दिसतं. मोठी कामं झालेली असतात आणि वाट अडते ती काही सेंटिमीटरांवर, कधी काही मिलिमीटरांवर.

म्हणून सोयींची यादी करून एकेकीवर खूण करत जाणं पुरत नाही. बघायची ती पूर्ण फेरी: निघण्याआधी माहिती मिळणं, बसथांब्यापासून किंवा पार्किंगपासून फाटक, फाटकापासून वाट, बाक, पाणी, स्वच्छतागृह, जे बघायला आलो ती जागा, आणि परतीचा रस्ता. यातला एक टप्पा तुटला की सगळी फेरी तुटते. या प्रत्येक टप्प्याची मोजमापं घेता येतात आणि घ्यायलाच हवीत. ‘उतार सौम्य आहे’, ‘रस्ता बरा आहे’ अशा वर्णनांवर विसंबून कुणी घराबाहेर पडू शकत नाही. धडधाकट माणसाला ५ टक्के आणि ९ टक्के उतारातला फरक चालताना फारसा कळतही नाही. हाताने चाक ढकलणाऱ्याला तो थेट खांद्यात जाणवतो.

‘सर्व’ म्हणजे कोण, हेही आधी स्पष्ट हवं. व्हीलचेअर डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून तिचा विचार आधी होतो. पण बागेत येणाऱ्यांमध्ये कुबडी किंवा वॉकर घेऊन चालणारे असतात, पांढरी काठी वापरणारे असतात, अंधुक दिसणारे असतात, ऐकू न येणारे असतात. दम लागणारे, हृदयविकार असलेले, गुडघे दुखणारे असतात. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा असतात, गोंगाटाने घाबरून जाणारी स्वमग्न मुलं असतात, बाबागाडी ढकलणारे आईवडील असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं ३० वं कलम करमणूक, विरंगुळा आणि खेळ यांत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याबद्दल आहे. बागेत फिरायला मिळणं ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. तो हक्क आहे.

मोजायला काय लागतं

महागडी साधनं लागत नाहीत. ५ मीटरची टेप, १.२ मीटर लांबीची पाणसळ, एक लहान पट्टी, खडू, आणि फोटो काढायला फोन. उतार मोजायची युक्ती सोपी आहे. पाणसळ उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालच्या बाजूचं टोक उचला आणि त्या टोकाखालची पोकळी पट्टीने मोजा. १.२ मीटरच्या पाणसळीखाली ६० मिलिमीटर पोकळी आली तर उतार १:२०, म्हणजे ५ टक्के. १०० मिलिमीटर आली तर १:१२, म्हणजे ८.३ टक्के. १५० आली तर १:८, म्हणजे १२.५ टक्के. आडव्या उतारासाठी हीच पाणसळ वाटेच्या रुंदीच्या दिशेने धरायची. तिथे २५ मिलिमीटर म्हणजे साधारण २ टक्के.

हे दर १० मीटरवर एकदा, आणि डोळ्यांना जिथे जास्त चढ वाटेल तिथे प्रत्येक जागी मोजावं. सरासरी काढून समाधान मानू नका. १०० मीटर वाटेत ९५ मीटर सपाट आणि ५ मीटर १:६ चा चढ असेल, तर सरासरी छान येते, पण माणूस त्या ५ मीटरांतच अडकतो.

मोजणी करताना व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती आणि पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती सोबत हवी, तीही नकाशा पक्का होण्याआधी. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना बोलावण्यात अर्थ नाही. तोपर्यंत काँक्रीट घट्ट झालेलं असतं.

फाटक

मोकळी जागा निदान ९० सेंटिमीटर हवी. फाटक उघडल्यावर पाखं आणि चौकट यांच्यामध्ये जे अंतर खरंच उरतं ते मोजायचं, चौकटीची रुंदी नाही. खाली उंबरा नको. लोखंडी पट्टी किंवा सरक्या फाटकाचा रूळ १३ मिलिमीटरपेक्षा वर आला असेल तर व्हीलचेअरची पुढची लहान चाकं त्यावर अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. कडी अशी हवी की मूठ मारून किंवा कोपराने उघडता येईल. बोटांनी पिरगाळायची कडी संधिवात असलेल्या हातांना जमत नाही.

दुचाकींचा प्रश्न खरा आहे, तो नाकारून चालत नाही. पण फिरकीचं फाटक आणि नागमोडी कठडे यांनी दुचाकी थांबण्याआधी व्हीलचेअर थांबते. खांब ९० सेंटिमीटर ते १.२ मीटर अंतरावर लावले तर मोटारी आणि रिक्षा थांबतात. दुचाकींसाठी पहारा आणि दंड हाच खरा उपाय. बाजूचं ‘खास’ फाटक कुलूपबंद ठेवून किल्ली चौकीदाराकडे ठेवणं हा उपाय नव्हे. चौकीदार चहाला गेला की तो हक्क संपतो.

उतार: खांद्यांवर पडणारं वजन

माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो धरू. ५ टक्के उतारावर हे वजन साधारण ५ किलोच्या जोराने मागे ओढतं, १:१२ वर ८ किलोहून थोडं जास्त, १:८ वर १२ किलोच्या वर. हा जोर प्रत्येक ढकलीत, सतत, दोन हातांनी पेलायचा असतो. ढकल संपून हात पुन्हा मागे नेईपर्यंत खुर्ची मागे सरकू लागते. उतरताना उलटं. तळवे चाकाच्या कडीवर घासून वेग आवरावा लागतो आणि लांब उतारावर तळवे अक्षरशः भाजतात. म्हणूनच उतार जितका तीव्र, तितकी त्याची सलग लांबी कमी, हा सगळ्या नियमांचा गाभा आहे.

निसर्गवाटांसाठी अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांच्या सोयींचे निकष ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१३ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वं उपयोगी पडतात, कारण ती इमारतींचे नियम जंगलात जसेच्या तसे लादत नाहीत. त्यांनुसार १:२० पर्यंतचा उतार कितीही लांब चालेल. १:२० ते १:१२ असेल तर सलग ६१ मीटरपर्यंत. १:१२ ते १:१० असेल तर ९ मीटरपर्यंत. १:१० ते १:८ असेल तर फक्त ३ मीटर. १:८ पेक्षा जास्त कुठेही नाही. प्रत्येक तीव्र तुकड्याच्या वर आणि खाली निदान दीड मीटर लांबीची जवळजवळ सपाट विसाव्याची जागा हवी. आणि १:१२ पेक्षा तीव्र असलेले सगळे तुकडे मिळून एकूण वाटेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरता कामा नयेत. ही शेवटची अट अनेकदा विसरली जाते. तुकडे वेगवेगळे पाहिले तर नियमात बसतात, पण एकामागून एक असे बारा तुकडे आले की माणूस थकून मध्येच बसतो.

बागेतल्या बांधीव रॅम्पचा हिशेब वेगळा, आणि फसगत तिथेच जास्त होते. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. १:१२ ने रॅम्प करायचा तर ५.४ मीटर लांबी, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा, म्हणजे एकूण ८.४ मीटर. प्रत्यक्षात पायऱ्यांच्याच लांबीत, दीड मीटरभर जागेत, सिमेंटचा ढीग ओतून ‘रॅम्प केला’ असं लिहिलं जातं. तो उतार १:३.३ पडतो. त्यावर व्हीलचेअर चढवताना ती मागे उलटते. असा रॅम्प नसलेलाच बरा, कारण निदान कुणी त्याच्यावर भरवसा ठेवून जीव धोक्यात घालत नाही.

जागा असेल तर रॅम्प करण्यापेक्षा वाटच १:२० ने वळवून न्यावी. त्याच ४५ सेंटिमीटरला ९ मीटर लागतात, म्हणजे रॅम्पपेक्षा फार जास्त नाही, आणि मग ती सगळ्यांची वाट होते. वेगळं ‘अपंगांसाठी’ असं काही उरत नाही. रॅम्पच करायचा तर एका टप्प्यात ७६ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची चढवू नये, दोन्ही बाजूंना ८६ ते ९६ सेंटिमीटर उंचीवर कठडा हवा, आणि तो कठडा उताराच्या दोन्ही टोकांपलीकडे ३० सेंटिमीटर पुढे यायला हवा. अंध व्यक्तीला उतार संपल्याचं हाताला कळतं ते त्याच ३० सेंटिमीटरमुळे.

आडवा उतार हा न दिसणारा शत्रू. वाट एका बाजूला कलली की व्हीलचेअर त्या बाजूला ओढली जाते. सरळ जायचं तर एका हाताने ढकलत राहायचं आणि दुसऱ्याने आवरायचं. अर्ध्या किलोमीटरमध्ये एक खांदा निकामी होतो. वॉकर घेतलेल्या माणसाचा तोलही याच कलाने जातो. काँक्रीट किंवा डांबरावर आडवा उतार २ टक्क्यांच्या आत ठेवावा. कच्च्या वाटेवर पाणी निघून जायला जास्त कल लागतो, तिथे ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. शून्य करू नका. पाणी साचलं की शेवाळ येतं आणि मग कुणीच उभं राहू शकत नाही.

पायाखालचा थर

वाटेला दोन गुण हवेत. वजन पडलं तर ती खचू नये, आणि वळताना चाकाखालून तिचा माल सरकू नये. पहिला गुण कडकपणा, दुसरा स्थिरपणा. नदीतली गोलसर गोटी टाकलेली वाट दिसायला कडक वाटते, पण स्थिर नसते. गोट्या एकमेकांवर घरंगळतात, व्हीलचेअरची पुढची चाकं रुततात. माती कोरडेपणी स्थिर असते, पण पावसात कडक राहत नाही. वाळू आणि लाकडाचा सैल भुसा दोन्हींत नापास.

बागेच्या मुख्य रस्त्याला काँक्रीट उत्तम, फक्त त्यावर झाडूने आडव्या रेघा ओढून खरबरीतपणा आणावा. सांधे रुंद खाचा ठेवून न करता नंतर करवतीने अरुंद कापावेत. रुंद खाच प्रत्येक वेळी पाठीच्या कण्याला हिसका देते. पेव्हर ब्लॉक दिसायला नेटके, पण खालचा थर नीट धुमसला नसेल तर वर्षभरात ते खाली-वर होतात. कडा तिरक्या कापलेले ब्लॉक तर अखंड थरथर देतात, आणि पाठीच्या दुखण्यात किंवा मज्जारज्जूच्या दुखापतीत ती थरथर सहन होत नाही.

निसर्गवाटेसाठी काँक्रीटची गरज नसते. क्रशरवरचा टोकदार, १० मिलिमीटर आणि त्याहून बारीक असा चुऱ्यासकट आलेला माल नीट घातला तर तो जवळजवळ डांबरासारखा घट्ट बसतो. यात चुरा महत्त्वाचा. टोकदार खडे एकमेकांत अडकतात आणि चुरा त्यांच्यामधल्या फटी भरतो. चाळून, धुऊन आलेली ‘स्वच्छ’ खडी टाकली की ती कायम सैल राहते, कितीही रोलर फिरवा.

घालायची पद्धत अशी. आधी वरची कुजकी माती आणि मुळ्या काढून घट्ट जमिनीपर्यंत खणायचं. त्यावर १० सेंटिमीटर जाड खडीचा पाया, त्यावर ५ सेंटिमीटर चुऱ्याचा थर. दोन्ही थर वेगवेगळे, पाणी मारून दाबायचे. माल ओलसर हवा: मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. कोरडा दाबला तर चुरा उडतो, चिखल झाला तर खडे तरंगतात. लहान वाटेला प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट पत्र्याने थर दाबणारं यंत्र, पुरतो. धुम्मस कडेच्या अडचणीच्या जागांसाठी ठेवावं, संपूर्ण वाट हाताने धुमसून एकसारखी होत नाही. दीड मीटर रुंद, १०० मीटर लांब वाटेला दाबल्यानंतर पायाचे १५ आणि वरच्या थराचे ७.५ घनमीटर भरतात. दाबताना माल बसतो, म्हणून सुमारे २५ टक्के जास्त मागवावा, म्हणजे १९ आणि साडेनऊ घनमीटर. कमी पडला की शेवटच्या २० मीटरवर थर पातळ होतो आणि वाट तिथेच फुटते.

कच्च्या वाटेवर मूळ किंवा दगड ५ सेंटिमीटरपेक्षा वर आलेला नसावा, पक्क्या वाटेवर १३ मिलिमीटरपेक्षा. मुळं तोडू नका. झाड मरतं, आणि नाही मेलं तर पुन्हा मूळ वर काढतं. मुळांवरून वाट उचलून न्यावी, नाहीतर तेवढ्या भागात लाकडी साकव घालावा. साकवाच्या फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. फळ्यांमधली फट १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उभ्या फळ्यांच्या फटीत चाक आणि काठीचं टोक दोन्ही अडकतात. कडेला निदान ५ सेंटिमीटर उंचीची पट्टी हवी, म्हणजे चाक घसरून खाली जात नाही.

रुंदी कमीत कमी ९१ सेंटिमीटर. दीड मीटरपेक्षा अरुंद वाटेवर दर ३०० मीटरला दीड मीटर चौरस अशी बगल द्यायची जागा. बागेत मात्र एवढ्यावर थांबू नये. दोन व्हीलचेअर शेजारून जायला १.८ मीटर लागतात, आणि बोलत बोलत बरोबर चालणं हा फिरायला जाण्यातला निम्मा आनंद असतो.

एकाची सोय, दुसऱ्याची अडचण

या कामात सर्वांत अवघड भाग हाच, आणि बहुतेक पुस्तिका तो दोन ओळींत उरकतात. व्हीलचेअरला कड नको असते. अंध व्यक्ती कडेवरूनच वाट ओळखते. बागेतला रस्ता आणि हिरवळ एकाच पातळीत आणली की चाकांची सोय होते, पण काठीला काहीच खूण उरत नाही. रस्ता आणि सायकलची पट्टी एकाच पातळीत, फक्त रंगाने वेगळी केली तर धोका थेट जिवाचा असतो. साधारण ६० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची कड पायाला आणि काठीला भरवशाने जाणवत नाही.

यावर तोडगा निघतो. जिथे चाकांनी ओलांडायचं नाही अशा बाजूला, म्हणजे वाटेच्या कडेने, ६० मिलिमीटर किंवा त्याहून उंच कड ठेवावी किंवा गवताची स्पष्ट किनार ठेवावी. जिथे ओलांडायचं आहे तिथे पातळी एक करून पायाला आणि काठीला जाणवणारे उंचवटे असलेल्या इशाऱ्याच्या खूणफरश्या लावाव्यात. कड सलग ठेवली की पाणी अडतं, म्हणून उताराच्या बाजूला दर काही मीटरवर पाण्यासाठी लहान फट ठेवायची. ती चाक अडकेल एवढी रुंद नको.

खूणफरश्यांची कल्पना जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये मांडली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. नियम साधा आहे. उभ्या पट्ट्या म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. जिना, रस्ता, पाण्याची कड यांच्या आधी ठिपके हवेत. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या ३० सेंटिमीटर आधी. चुका ठरलेल्या असतात: पट्ट्या झाडाच्या आळ्यात किंवा खांबावर जाऊन संपतात, ठिपके आणि पट्ट्या हाताला येतील तशा मिसळल्या जातात, रंग आजूबाजूच्या फरशीसारखाच ठेवला जातो, त्यामुळे अंधुक दिसणाऱ्यांना त्यांचा उपयोग होत नाही. आणि बागभर पट्ट्या घालणं हेही चूक. ज्यांना थरथर सोसत नाही त्यांच्या वाटेत त्या येतात. जिथे गवताची किनार किंवा कड आपसूक दिशा देते तिथे पट्ट्या लागत नाहीत. मोकळ्या चौकात, जिथे धरायला कडच नाही, तिथे त्या हव्यात.

डोक्याच्या उंचीवरचे धोके काठीला सापडत नाहीत. ६८ सेंटिमीटरपासून २.०३ मीटरपर्यंतच्या उंचीत वाटेवर काहीही आडवं आलेलं नसावं: फांद्या, फलकांचे कोपरे, जिन्याखालची पोकळी. जिन्याखाली कुंड्या मांडून ती जागा अडवली तरी काम होतं.

बाक, पाणी, स्वच्छतागृह

बाक दर ५० मीटरवर हवा, निदान बागेच्या मुख्य वाटेवर. पाठ हवी, हात टेकायला दांडे हवेत, बसायची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर. दांड्याशिवायचा दगडी ओटा दिसतो सुरेख, पण त्यावरून उठताना गुडघेदुखीच्या माणसाला हात कशावर टेकायचा हेच कळत नाही. बाकाशेजारी ८० सेंटिमीटर रुंद, १.२ मीटर लांब पक्की जागा मोकळी ठेवावी, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस कुटुंबाच्या शेजारी बसतो, वाटेच्या मधोमध उभा राहत नाही. टेबल असेल तर एका बाजूला बाकाची फळी सोडून द्यावी आणि खाली ६९ सेंटिमीटर उंचीची गुडघ्यांना जागा ठेवावी. पिण्याच्या पाण्याचे दोन नळ लागतात: एक ९१ सेंटिमीटरच्या आत, खाली गुडघे जातील असा, आणि एक उंच, वाकता न येणाऱ्यांसाठी.

स्वच्छतागृह नसेल किंवा बंद असेल तर अनेक जण बागेत येतच नाहीत, किंवा येण्याआधी पाणी पिणं टाळतात, जे प्रकृतीला घातक आहे. आत दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, भांड्याची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर, भिंतीला पक्के दांडे आणि भांड्याच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा. नेमक्या त्याच जागेत बादल्या, झाडू आणि फिनेलचे डबे ठेवले जातात. सफाई साहित्यासाठी वेगळं कपाट नकाशातच दाखवलं नाही तर हे होणारच, त्यात सफाई कामगाराचा दोष नाही. ज्या मोठ्या माणसांना आडवं करून कपडे बदलावे लागतात त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाच्या खोल्या आहेत. ३ मीटर बाय ४ मीटर, त्यात उंची कमी-जास्त होणारा पलंग आणि माणूस उचलणारं यंत्र. मोठ्या बागेत अशी एक खोली असली तर जे कुटुंब एरवी तासाभरात परत फिरलं असतं ते दिवसभर थांबू शकतं.

खेळाची जागा

इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. एक ‘खास’ झोका कोपऱ्यात लावून भागत नाही. मुलाला इतर मुलांत खेळायचं असतं. म्हणून जमिनीच्या पातळीतलं चक्र, पाठ आणि पट्टा असलेला झोका इतर झोक्यांच्याच ओळीत, आणि घसरगुंडीच्या खेळण्याला २८ ते ४५ सेंटिमीटर उंचीचा ओटा, म्हणजे मूल खुर्चीतून त्यावर सरकून चढू शकतं. खालचा थर पडल्यावर मार शोषणारा हवा आणि चाकं चालतील इतका कडकही. वाळू पहिली अट पाळते, दुसरी नाही. ओतीव रबर दोन्ही पाळतं. पळून जाणाऱ्या मुलांसाठी कुंपण आणि एकच फाटक, आणि गोंगाट असह्य झाला तर बसायला एक शांत कोपरा. तो कोपरा असा हवा की तिथून खेळ दिसत राहील.

बघण्याची जागा आणि फलक

टेकडीच्या टोकावर कठडा भरीव बांधला की बसलेल्या माणसाला फक्त भिंत दिसते. ८१ सेंटिमीटर ते १.३ मीटर या उंचीत निदान एका जागी नजर मोकळी जायला हवी. माहितीचा फलक ३० ते ४५ अंशांत तिरका, खालची कड साधारण ८० सेंटिमीटरवर. अक्षरं मोठी, फलकाला चकाकी नसलेला मुलामा, वाक्यं छोटी. ब्रेल असेल तर हात पोहोचेल तिथे; उंच खांबावरचं ब्रेल कुणालाच वाचता येत नाही. बोलून सांगितलेली माहिती असेल तर तीच लेखी हवी, लेखी असेल तर ऐकता यायला हवी. दिशादर्शक चिन्हं प्रत्येक फाट्यावर एकाच प्रकारची ठेवली तर स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला आणि वाचता न येणाऱ्या मुलाला, दोघांनाही रस्ता सापडतो.

जिथे वाट सपाट करता येत नाही

प्रत्येक डोंगरवाट १:२० ची करायची नाही. तसं केलं तर डोंगरच कापावा लागेल. वर सांगितलेल्या तत्त्वांतही भूप्रदेश, बांधकामाच्या मर्यादा, त्या जागेचं मूळ स्वरूप आणि निसर्गरक्षणाचे कायदे या कारणांनी सूट मिळते. पण सूट मिळते ती त्या अडचणीच्या तुकड्यापुरतीच. ४०० मीटरवर कडा लागतो म्हणून पहिले ४०० मीटर तसेच सोडायचे नाहीत. धबधबा शेवटी असेल आणि तिथवर नेता येत नसेल, तर ओढ्याच्या काठापर्यंत चांगली वाट आणि तिथे एक बसायची जागा, एवढंही पुष्कळ असतं.

खुर्चीतही पर्याय आहेत. फ्रान्समध्ये १९८७ साली जोएल क्लोदेल यांनी जोएलेट नावाची एका चाकाची खुर्ची तयार केली. पुढे एक, मागे एक अशी दोन माणसं ती धरून अवघड डोंगरवाटेवरून नेतात. समुद्रकिनाऱ्यावर गुंडाळून ठेवता येणाऱ्या चटया अंथरल्या की साधी खुर्ची वाळूतून जाते, आणि फुगीर चाकांची खुर्ची तर पाण्यापर्यंत. अशी साधनं ठेवायची तर ती कुठे मिळतील, आधी सांगावं लागतं का, मदतीला माणसं आहेत का, हे लिहून ठेवावं. कुलपात बंद खुर्चीचा उपयोग नाही.

वाटेत एक पैसाही खर्च न करता होणारं आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे वाटेची खरी माहिती देणं. ‘ही वाट अपंगांसाठी सोयीची आहे’ असं लिहू नका. कुणाला काय सोयीचं हे तो माणूस ठरवतो: एखादा खेळाडू १:१० सहज चढतो, एखाद्याला १:२० ही जड. फलकावर आणि संकेतस्थळावर आकडे द्या. नमुना असा:

‘एकूण लांबी १.४ किलोमीटर, जाऊन-येऊन २.८. दाबलेल्या चुऱ्याची वाट. रुंदी सहसा १.२ मीटर, सर्वांत अरुंद ९५ सेंटिमीटर, लाकडी साकवावर. उतार सहसा ४ टक्के, सर्वांत तीव्र ११ टक्के, ६५० मीटरवर, ८ मीटर लांब. आडवा उतार सहसा ३ टक्के, सर्वांत जास्त ५. बाक १५०, ४०० आणि ९०० मीटरवर. स्वच्छतागृह फक्त सुरुवातीला. ७०० मीटरच्या पुढे सावली नाही, मोबाइलला रेंज नाही.’

हे वाचून कुणी ६०० मीटरवरून परत फिरायचं ठरवेल, कुणी सोबतीला एकाला घेईल, कुणी बॅटरीवरची खुर्ची आणेल. निर्णय त्यांचा.

हे आकडे कायम राहत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात चुरा वाहून उताराच्या तळाशी साचतो आणि वर पन्हळ पडते. म्हणून मोठा पाऊस होऊन गेला की पूर्ण वाट चालायची, पन्हळीत ओला चुरा भरून दाबायचा, साचलेला सैल थर काढायचा, वाकलेल्या फांद्या २.०३ मीटरच्या वर छाटायच्या. साकवाच्या फळीचे खिळे वर आलेत का तेही बघायचं. एखादा तुकडा लगेच दुरुस्त होत नसेल तर त्याची सूचना वाटेच्या सुरुवातीला लावायची, बिघाडाच्या जागी नाही. दीड किलोमीटर खांद्यांच्या जोरावर आलेल्या माणसाला तिथे ‘पुढे वाट बंद’ हे वाचायला लावू नये.